कोल्हापूरच्या कुस्तीतील ईर्षा आणि खिलाडूवृत्ती

कोल्हापूरची कुस्ती ही लाल मातीच्या आखाड्यात, प्रामुख्याने इनामासाठी लढली जाणारी मल्लविद्येची परंपरा आहे. मल्लामल्लांतील, तालमीतालमींतील आणि प्रांताप्रांतांतील चुरस हा या परंपरेचा प्राण मानला जातो. कोल्हापूरच्या बोलीत या चुरशीला ‘ईर्षा’ असे म्हणतात. ‘ईर्षेने खेळणे’ हे येथे कौतुकाचे बोल आहेत. त्यांत द्वेषाचा अर्थ नाही. ईर्षेने मर्यादा ओलांडून वैराचे रूप घेतले, की तिला ‘खुन्नस’ म्हटले जाते. ईर्षा टिकवायची आणि खुन्नस टाळायची, यासाठी आखाड्यात अनेक संकेत, विधी आणि नियम रूढ झाले. प्रतिस्पर्ध्याचा मान, पंचांच्या निर्णयाचा स्वीकार आणि वस्तादाचा शब्द ही त्यांची तीन मुख्य अंगे आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुस्तीला मोठा राजाश्रय मिळाला तो राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२). महाराज स्वतः कुस्ती जाणत असत. त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील, विशेषतः पंजाबातील मल्लांना कोल्हापुरात बोलावले. स्थानिक मल्लांना त्यामुळे घरच्या मैदानावरच बलाढ्य प्रतिस्पर्धी मिळू लागले. बाहेरच्या पैलवानाशी लढून आपला कस पाहण्याची जी सवय कोल्हापूरला लागली, तिचे मूळ या धोरणात आहे.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्ड यांच्या राज्यारोहण समारंभासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले. त्यावरून कोल्हापुरात कुस्तीसाठी स्वतंत्र मैदान उभारण्याची कल्पना त्यांना सुचली, असे मानले जाते. या मैदानाचे काम १९०७ मध्ये सुरू झाले व ते १९१२ मध्ये खुले झाले. आज ते राजर्षी शाहू खासबाग कुस्ती मैदान या नावाने ओळखले जाते. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक अशी त्याची रचना असल्याने कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसते. येथे सुमारे ३० हजार प्रेक्षक बसू शकतात, असे सांगितले जाते.

मैदानाची पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोन मल्लांमध्ये झाली. इमामबक्ष हे प्रसिद्ध मल्ल गामा यांचे धाकटे बंधू होत. १९१० मध्ये लंडन येथे त्यांनी स्वित्झर्लंडच्या जॉन लेम याला हरवले होते. कोल्हापूरच्या मानाच्या मैदानाचा आरंभ बाहेरून आलेल्या नामवंत मल्लाच्या कुस्तीने व्हावा, ही गोष्ट सूचक आहे. कुस्ती चांगली झाली तर जिंकणारा कोठला हे न पाहता त्याला डोक्यावर घ्यायचे, असा पायंडा येथील प्रेक्षकांत पडला.

तालीम आणि वस्ताद

कोल्हापुरातील कुस्तीचा मूळ घटक तालीम हा आहे. मोतीबाग, गंगावेश आणि शाहूपुरी या शहरातील विशेष नावाजलेल्या तालमी होत. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तालमीतच राहतात, एकत्र खुराक घेतात आणि वस्तादाच्या देखरेखीखाली मेहनत करतात. आखाड्याची माती ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर, तेल इत्यादी पदार्थ घालून मऊ केली जाते. ती खणणे आणि सारखी करणे हे काम लहानमोठे सर्वच मल्ल करतात.

तालमीतील दैनंदिन सरावाला ‘लढत धरणे’ किंवा ‘जोर करणे’ म्हणतात. अनुभवी मल्ल नवख्याला आपल्याबरोबर खेळवतो, त्याला डाव करू देतो आणि त्यावरील तोडही शिकवतो. आज शिकवलेला डाव उद्या आपल्यावरच पडू शकतो, हे ठाऊक असूनही शिकवणे हे त्याचे कर्तव्य समजले जाते. एकाच तालमीतील दोन मल्लांची जोड इनामाच्या मैदानात सहसा लावली जात नाही. रोज एका ताटात जेवणाऱ्यांनी पैशासाठी एकमेकांना चितपट करू नये, ही त्यामागील भावना आहे.

याउलट दोन तालमींमधील चुरस तीव्र असते. एका तालमीच्या मल्लाचा पराभव हा साऱ्या तालमीच्या, कधीकधी साऱ्या पेठेच्या जिव्हारी लागतो. ‘तालीम’ या संस्थेचा हा प्रभाव कुस्तीपुरता मर्यादित राहिला नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्येही पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे संघ तालीम मंडळांच्याच नावाने खेळतात आणि पेठांमधील ईर्षा तेथेही तितकीच रंगते.

जोड आणि निकाल

मैदानातील कुस्ती ठरवण्याला ‘जोड लावणे’ म्हणतात. वजन, वय, अनुभव आणि पूर्वीची कामगिरी पाहून दोन मल्लांची जोड ठरते. बरोबरीच्या जोडीला ‘काटाजोड’ असे नाव आहे. बलवान मल्लापुढे दुबळा मल्ल उभा करणे हा प्रेक्षकांचा आणि दोन्ही मल्लांचा अवमान समजला जातो. अशा विजयाने मल्लाचे नाव होत नाही. मल्लाची किंमत त्याने कोणाला हरवले यावरून ठरत असल्याने प्रतिस्पर्धी मोठा असणे हे त्याच्याही हिताचे असते.

गावजत्रेच्या मैदानात लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर होतात. पुढे इनामाची रक्कम वाढत जाते आणि शेवटची, पहिल्या क्रमांकाची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची असते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला टेकवले म्हणजे तो ‘चितपट’ होतो आणि कुस्ती ‘निकाली’ ठरते. दीर्घकाळ निकाल न लागल्यास पंच ती बरोबरीत सोडवतात किंवा गुणांवर निर्णय देतात.

इनामाच्या कुस्तीत गैरप्रकाराचाही धोका असतो. दोन्ही मल्लांनी आधीच निकाल ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. तीत मल्लांना इजा होत नाही, इनामही मिळते. मात्र ईर्षाच नाहीशी होते. त्यामुळे परंपरेच्या दृष्टीने नुरा कुस्ती हा आडदांडपणापेक्षाही गंभीर दोष आहे. खडाखडी रेंगाळली आणि मल्ल एकमेकांना भिडेनात, तर जाणकार प्रेक्षक ओरडून नापसंती व्यक्त करतात आणि पंचही मल्लांना समज देतात. आखाड्यात खिलाडूवृत्तीचा अर्थ सौम्यपणे लढणे असा नाही. पूर्ण ताकदीने लढणे हाच प्रतिस्पर्ध्याचा मान समजला जातो.

आखाड्यातील शिष्टाचार

कुस्तीच्या प्रारंभापासून शेवटपर्यंत काही संकेत पाळले जातात:

माती कपाळी लावणे: हौद्यात उतरताना मल्ल मातीला हात लावून तो कपाळाला लावतो आणि हनुमानाचे स्मरण करतो. मुसलमान मल्लही आपापल्या श्रद्धेनुसार मातीला वंदन करतात.

सलामी: दोन्ही मल्ल हात मिळवतात. सलामी होण्यापूर्वी केलेला हल्ला अवैध असतो. सलामी न देणे हा मोठा अपमान समजला जातो.

माती लावणे: अंग घामाने निसटू नये म्हणून मल्ल मूठभर माती स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्याही अंगाला लावतो. आपल्याला पकड मिळावी हा त्यातील व्यावहारिक हेतू असला, तरी दोघेही एकाच मातीचे आहेत ही भावनाही त्यात व्यक्त होते.

वर्ज्य कृती: गळा आवळणे, बोटे पिरगळणे, केस ओढणे, डोळ्यांना इजा करणे या गोष्टी निषिद्ध आहेत. ढाक, घिस्सा, कलाजंग, एकलंगी, बाहेरली टांग यांसारख्या डावांत प्रतिस्पर्धी जोराने आपटला जाऊ शकतो. परंतु मुद्दाम अवयव निकामी करणे हा डाव नव्हे.

विजयानंतरचे वर्तन: निकाल लागल्यावर विजेता पराभूत मल्लाला हात देऊन उठवतो आणि आलिंगन देतो. त्यानंतर हलगीच्या कडकडाटात त्याची मैदानातून मिरवणूक निघते, फेटा बांधला जातो आणि प्रेक्षक उत्स्फूर्तपणे रोख बक्षिसे देतात. चांगली झुंज दिलेल्या पराभूत मल्लालाही अशी बक्षिसे मिळतात.

वस्तादाला वंदन: अनेक मल्ल आपल्या वस्तादाबरोबरच प्रतिस्पर्ध्याच्या वस्तादाच्याही पाया पडतात.

उल्लेखनीय मल्ल आणि लढती

खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथील खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४) हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीत जाधव यांचा पराभव झाला. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. नियमानुसार दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळावयास हवी होती. मात्र त्यासाठी आग्रह धरणारा कोणीही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे उपस्थित नव्हता. थकलेल्या अवस्थेत जाधव लढले आणि हरले. इशीई यांना सुवर्ण, तर मम्मदबेयोव्ह यांना रौप्यपदक मिळाले.

जाधव यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. मायदेशी परतल्यावर जाधव यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढून इनामे जिंकली आणि ते पैसे फेडले. इनामाच्या कुस्तीला केवळ धंदा समजणाऱ्यांना उत्तर म्हणून हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो.

खंचनाळे, आंदळकर आणि माने

श्रीपती खंचनाळे हे १९५९ मध्ये हिंदकेसरी झाले; हा किताब मिळवणारे ते महाराष्ट्राचे पहिले मल्ल होत. त्यांच्यानंतर १९६० मध्ये गणपतराव आंदळकर आणि १९६४ मध्ये मारुती माने यांनी हा मान मिळवला. खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे, तर आंदळकर व माने हे अनुक्रमे सांगली जिल्ह्यातील पुनवत आणि कवठेपिरान येथील होते.

एकाच काळातील हे मल्ल किताबांसाठी परस्परांचे प्रतिस्पर्धी होते, पण देशासाठी ते एकत्र खेळले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, तर माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्यपदक जिंकले. निवृत्तीनंतर आंदळकर यांनी मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून मल्लांच्या अनेक पिढ्या घडवल्या.

फाळणीनंतरही सादिक, गोगा, नासिर यांसारख्या पंजाबी मल्लांबरोबर आंदळकर यांच्या लढती झाल्या. राजकीय सीमा आखली गेल्यानंतरही त्या काळी काही वर्षे कुस्तीचे नाते टिकून राहिले. याच कालखंडात उत्तर प्रदेशातून आलेले दीनानाथ सिंह कोल्हापूरचेच झाले. ते १९६६ मध्ये महाराष्ट्र केसरी आणि १९७१ मध्ये हिंदकेसरी ठरले.

चौगुले, बिराजदार आणि सत्पाल

१९७० च्या दशकात कोल्हापूर आणि दिल्ली या दोन केंद्रांमधील चुरस शिगेला पोहोचली. दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचे सत्पाल एका बाजूला, तर दादू चौगुले, युवराज पाटील आणि हरिश्चंद्र बिराजदार हे महाराष्ट्राचे मल्ल दुसऱ्या बाजूला होते. राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाड्याचे चौगुले मोतीबाग तालमीत घडले. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे ते महाराष्ट्र केसरी होते. १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले.

बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील होते आणि कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झाले. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७७ मध्ये बेळगाव येथे त्यांनी सत्पाल यांना हरवले. ती कुस्ती आजही कुस्तीशौकिनांच्या बोलण्यात येते. सत्पाल यांना मात्र महाराष्ट्रात शत्रू मानले गेले नाही. त्यांची कुस्ती पाहण्यासाठी गर्दी होई आणि त्यांना हरवणे हाच मराठी मल्लांच्या मोठेपणाचा मापदंड होता.

सदगीर आणि शेळके

बिराजदार यांनी पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवले. त्यांचे शिष्य, अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांनीही पुण्यात स्वतःची तालीम उभी केली. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पवार यांचेच दोन शिष्य समोरासमोर आले: नाशिकचे प्रतिनिधित्व करणारे हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके. इनामाच्या मैदानात एका तालमीची जोड टाळता येते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तसे करता येत नाही. अटीतटीच्या लढतीत सदगीर जिंकले. त्यानंतर त्यांनी पराभूत शेळके यांनाच खांद्यावर उचलून घेतले. विजेत्याला खांद्यावर घेण्याच्या रूढीचा हा उलटा क्रम प्रेक्षकांना भावला आणि त्याचे छायाचित्र राज्यभर गाजले.

वाद आणि मर्यादाभंग

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून घेतली जाते. माती आणि मॅट अशा दोन विभागांतील विजेत्यांमध्ये अंतिम लढत होते. गुणपद्धतीमुळे निकाल अधिक काटेकोर झाला, त्याचबरोबर पंचांच्या निर्णयांवरील वादही वाढले. चितपट झालेली कुस्ती हजारो प्रेक्षक स्वतः पाहू शकतात. डाव दोन गुणांचा की चार गुणांचा, हे ठरवणे मात्र पंचांच्या नजरेवर अवलंबून असते.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचे सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्यातील माती विभागाच्या लढतीत एका डावाला दिलेल्या गुणांवरून मोठा वाद झाला. सिकंदर शेख त्या वेळी पराभूत ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी शिवराज राक्षे यांना हरवून महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे झालेल्या स्पर्धेत याहून गंभीर प्रकार घडला. मॅट विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध आपल्याला चितपट ठरवल्याचा निर्णय अमान्य करून शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढत संपण्यास काही सेकंद उरले असताना महेंद्र गायकवाड यांनीही निर्णयाचा निषेध करत मैदान सोडले. मोहोळ विजेते ठरले आणि राक्षे व गायकवाड यांना तीन वर्षांसाठी निलंबित करण्याचा निर्णय जाहीर झाला. पंचांचा निर्णय चूक होता की बरोबर याविषयी मतभेद राहिले. पंचांवर हात किंवा पाय उचलणे परंपरेला मान्य नाही, याविषयी मात्र एकमत दिसून आले.

मोटारसायकल शर्यतींशी तुलना

व्यावसायिक, वैयक्तिक आणि शारीरिक जोखमीच्या इतर खेळांतही ईर्षा व मर्यादा यांचा हाच प्रश्न निर्माण होतो. मोटारसायकल शर्यत हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर मोटोजीपी मालिकेतील शर्यत भारतात प्रथमच झाली.

कुस्तीत एका तालमीचे मल्ल सहसा परस्परांविरुद्ध लढत नाहीत. मोटारसायकल शर्यतीत मात्र एकाच संघाचा सहकारी हाच पहिला प्रतिस्पर्धी असतो, कारण दोघांकडे सारखेच यंत्र असते. १९६८ मध्ये यामाहा संघाने १२५ सीसी गटाचे विजेतेपद फिल रीड यांनी आणि २५० सीसी गटाचे बिल आयव्ही यांनी जिंकावे असे ठरवले होते. रीड यांनी पहिले विजेतेपद मिळाल्यावर हा आदेश मोडून दुसरेही जिंकले. आखाड्याच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी नुरा कुस्ती नाकारली, पण सहकाऱ्याला दिलेला शब्दही मोडला. २००८ मध्ये व्हॅलेंटिनो रॉसी आणि होर्हे लोरेन्झो एकाच यामाहा संघात असताना त्यांच्या गॅरेजमध्ये मधोमध भिंत उभी करण्यात आली. दोघांचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्याचे कारण त्यासाठी दिले गेले. पुढील वर्षी टायर एकसारखे झाल्यावरही भिंत राहिली.

२५ ऑक्टोबर २०१५ रोजी मलेशियातील सेपांग येथे रॉसी आणि मार्क मार्केझ यांची चुरस टोकाला जाऊन दोघांच्या गाड्यांचा स्पर्श झाला व मार्केझ पडले. रॉसी यांना तीन दंडगुण मिळाले आणि अखेरच्या शर्यतीत त्यांना सर्वांत मागून सुरुवात करावी लागली. त्या वर्षीचे विजेतेपद लोरेन्झो यांनी पाच गुणांच्या फरकाने मिळवले. शर्यतीत मर्यादेचे रक्षण लेखी शिक्षेने होते. आखाड्यात ते दीर्घकाळ वस्ताद, पंच आणि जाणकार प्रेक्षक यांच्या धाकाने होत आले. अलीकडच्या निलंबनांवरून कुस्तीलाही लेखी शिक्षेची गरज भासू लागल्याचे दिसते.

सद्यस्थिती

एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे पन्हाळा तालुक्यातील पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाले. २००० मध्ये दादू चौगुले यांचे पुत्र विनोद चौगुले यांनी मिळवलेल्या किताबानंतर कोल्हापूर जिल्ह्याची दोन दशकांची प्रतीक्षा त्यामुळे संपली. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. एकेकाळी केवळ पुरुषांचा असलेला आखाडा आता मुलींनाही खुला होत आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होत असल्याने तालमींमध्ये मातीबरोबर मॅटचाही सराव केला जातो. मॅटवर माती लावण्याचा विधी उरत नाही. मात्र लढतीपूर्वी व लढतीनंतर प्रतिस्पर्ध्याशी आणि पंचांशी हस्तांदोलन करणे तेथेही बंधनकारक आहे. गावोगावच्या जत्रांतील मैदाने अद्याप मातीवरच भरतात आणि लहान मुले पहिली सलामी तेथेच शिकतात.

हेही पहा

खासबाग मैदान
राजर्षी शाहू महाराज
खाशाबा जाधव
महाराष्ट्र केसरी
हिंदकेसरी